बांधीतली तूट

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून उभी नोकरी केलेल्या माणसाला न जुळलेला ताळेबंद फारसा पाहायला मिळत नाही. लोकांचा समज नेमका उलटा असतो. त्यांना वाटतं, ऑडिटर म्हणजे रोज सकाळी एक अफरातफर पकडून मगच डबा उघडणारा माणूस. प्रत्यक्षात जिथं गडबड जास्त, तिथले कागद जास्त नेटके. पै न् पै जुळलेली, गटसचिवाची सही, चेअरमनची सही, शिक्का अगदी सरळ. ज्या संस्थेचा हिशेब तीन रुपये ऐंशी पैशांनी चुकतो, तिथं निर्धास्तपणे चहा घ्यावा. जिथं काहीच चुकत नाही, तिथं घरून पाणीसुद्धा सोबत न्यावं.

त्यामुळे निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलो आणि आमच्या आबाजींच्या बांधीत उभ्या केलेल्या खांबाचा हिशेब पाहिला, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. जमा ६५०. खर्च ५४०. फरक ११०. (आकडे तुमच्यासाठी गोल केलेत, पण तूट खरी आहे.) त्या फरकाच्या समोर आमच्याकडे ‘किरकोळ’ किंवा ‘उचंत खाते’ असं लिहून विषय संपवतात. इथं निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं, ‘जुळत नाही.’ लिहिणारी मुलगी शेजारीच धुऱ्यावर बसून शांतपणे चिवडा खात होती. एवढ्या तुटीवर आमच्याकडे प्रशासक नेमतात.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोहच्या नहरावर. ज्या साली धरणात पाणी उरतं, त्या साली उन्हाळी धान. चहूकडे मे महिन्याची भेगाळलेली जमीन आणि मधेच आमचा हिरवागार पट्टा, पायाच्या घोट्यापर्यंत पाणी भरलेला. कोकणात ज्याला खाचर म्हणतात तीच आमची बांधी. मुलगी कोल्हापूरकडची, एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी. ती ‘भात’ म्हणायची, आबाजी ‘धान’ म्हणायचे, आणि दोघंही एकाच चिखलात उभे असायचे.

तिचा विषय असा, की सूर्याकडून बांधीला दिवसभरात जी उष्णता मिळते, ती जाते कुठं? म्हणजे शुद्ध जमाखर्च. मला हे ऐकून नोकरीत परत घेतल्यासारखं वाटलं.

जमेची बाजू सोपी आहे. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी, आभाळ मोकळं असेल तर, एका चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं थोडं परत उडतं, आणि तापलेली जमीन-पाणी स्वतःही आभाळाकडे उष्णता सोडत असतात. ही वजावट करून जे हाती राहतं, ते निव्वळ उत्पन्न. यासाठी खांबाला एक आडवा दांडा आणि त्यावर चार डोळे लावलेले. दोन आभाळाकडे बघणारे, दोन चिखलाकडे. जमा किती आणि परत किती गेली, हे चारही डोळे मिळून सांगतात.

खर्चाची खाती चार. पहिलं, पाण्याची वाफ करणं. दुसरं, हवा तापवणं. तिसरं, खालची माती तापवणं. आणि चौथं केवळ भरल्या बांधीतलं, ते म्हणजे साचलेलं पाणी तापवणं. गव्हाच्या शेतात हे चौथं खातं उघडावं लागत नाही. पण बांधीत ५ सेंटिमीटर पाणी असेल आणि ते तासाभरात एका अंशानं तापलं, तर तेवढ्यातच चौरस मीटरला जवळपास ५८ वॅट खपतात. बरं, ही रक्कम खर्च झाली म्हणावं तर रात्री पाणी ती परत करतं. थोडक्यात मुदत ठेव. सकाळी ठेवली, रात्री मोडली, व्याज शून्य. काही अभ्यासक हे खातं धरायलाच विसरतात आणि मग दुपारी तूट आली म्हणून यंत्र बदलत बसतात, असं तिनं सांगितलं. सांगताना नाव घेतलं नाही, हेही लेखापरीक्षकाला आवडलं.

सगळ्यात मोठं खातं अर्थात वाफेचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल लागतात. हा आकडा आबाजींच्या डोक्यावरून नहरासारखा वाहून गेला. मग मी कागद घेतला. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटरांहून थोडं जास्त. उन्हाळ्यात भरल्या बांधीतून दिवसाला ६-७ मिलिमीटर सहज उडतं. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात जेवढी उष्णता असते, त्या हिशेबानं एक एकर धान एका दिवसात शंभरेक सिलिंडर जाळतं.

“शंभर?” आबाजी म्हणाले. “रोज?”

“रोज.”

आबाजींनी बांधीकडे पाहिलं. तिथं काही जळताना दिसत नव्हतं. एक बेडूक होता. “अन् सबसिडी?” त्यांनी विचारलं.

खांब उभा राहिला तेव्हा गावानं त्याचा अर्थ लावायला सुरुवात केली होती. पहिला अंदाज मोबाइलचा टॉवर. त्या आशेवर दोन दिवस पोरं बांधीत जाऊन फोन वर धरून उभी राहिली. रेंज आली नाही. मग ठरलं, की हे पाऊस पळवणारं यंत्र. तसं पश्चिम महाराष्ट्रात एकेकाळी पवनचक्क्यांवरही हाच आळ आला होता, की या पाती ढग हाकलतात. पण आमच्या खांबाला पाती नव्हती आणि मे महिन्यात पळवायला ढगही नव्हते. तिसरा अंदाज गंभीर होता : भूसंपादनाची मोजणी. यावर मात्र सगळ्यांचा लगेच विश्वास बसला, आणि ज्यांनी दोन वर्षं बांधीत पाय ठेवला नव्हता त्यांनीही आपापल्या धुऱ्यावर येऊन उभं राहायला सुरुवात केली. कोणी फळझाडं लावली. आंबा लावला तर मोबदला जास्त मिळतो, हे ज्ञान आमच्याकडे बालवाडीपासून आहे.

खांबावरचं मुख्य यंत्र वारा मोजतं. त्याला फिरणारं काहीच नाही. समोरासमोर धरलेल्या बारीक दांड्यांच्या तीन जोड्या, आणि त्या एकमेकींना आवाज देतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज. वारा सोबत असेल तर आवाज लवकर पोचतो, विरुद्ध असेल तर उशिरा. या फरकावरून वाऱ्याचा वेग, तोही आडवा आणि उभा दोन्ही.

“वारा मोजाले चक्री लागते,” आबाजी ठाम होते. “थे कोटी हाये?”

“चक्री नसते आजोबा, आवाजानं मोजतं.”

“कोनाचा आवाज?”

शेजारी दुसरं यंत्र हवेतली वाफ मोजतं, तेही न दिसणाऱ्या किरणांनी. दोघं मिळून सेकंदाला दहा नोंदी करतात. अर्ध्या तासात १८,०००. दिवसाला ८ लाख ६४ हजार ओळी. माझ्या काळात एका संस्थेची वर्षभराची कीर्द दोन रजिस्टरांत बसायची, आणि तीसुद्धा मार्चअखेर एका रात्रीत लिहिलेली असायची, हे अक्षरावरून आणि चहाच्या डागांवरून कळायचं.

एवढ्या नोंदी लागतात कारण वारा सरळ वाहत नाही. तो लहान-मोठे भोवरे करत, वर-खाली होत जातो. वर जाणाऱ्या झुळुकीत ओल जास्त, खाली येणारीत कमी. हा फरक क्षणाक्षणाला पकडून अर्ध्या तासाची बेरीज मांडली, की बांधीतून किती वाफ गेली ते कळतं. तत्त्व इतकं साधं आहे, की समजल्यावर आपण पीएच.डी. का केली नाही असं वाटतं. अडचण पुढं आहे.

अडचण अशी, की वाऱ्याला शेजार कळत नाही. खांबावर जी हवा पोचते ती कुठून कुठून फिरून आलेली असते. ती आपल्याच पिकावरून आलेली हवी असेल, तर यंत्राच्या उंचीच्या शंभरपट अंतरापर्यंत सारखंच पीक हवं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. यंत्र तीन मीटरवर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला तीनशे मीटर एकसारखं धान. एकाच जातीचं, एकाच सुमाराला रोवलेलं, सारखं पाणी भरलेलं.

आमच्या गावात तीनशे मीटरमध्ये चौदा खातेदार येतात. त्यांतले चार सख्खे भाऊ आहेत आणि म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या एका बांधीचा दावा दिवाणी न्यायालयात आहे, आणि ती बांधी निकालाची वाट पाहत पडीक आहे. एकानं उन्हाळी धान सोडून मूग टाकला, कारण शेजाऱ्यानं धान टाकलं होतं. एकाचा नहरावरचा नंबर रात्रीचा, एकाचा दिवसाचा, आणि एकाचा नंबरच नाही, तो फुटलेल्या चारीवर अवलंबून. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगांचं वर्णन करताना ‘सपाट, एकसंध, विस्तीर्ण क्षेत्र’ असे शब्द वापरतात. पोरीनं पहिल्या महिन्यात विज्ञान असं काही केलंच नाही. ती घरोघरी फिरून चहा पीत होती. कोणत्या आठवड्यात रोवणी करायची यावर चौदा घरांना एकत्र आणणं हे काम तिच्या आधी महसूल खात्याला, पाणीवापर संस्थेला आणि एका आमदाराला जमलेलं नव्हतं.

तिला जमलं. कसं, ते मी पाहिलं. तिनं कोणाला विज्ञान सांगितलं नाही. थोरल्याच्या घरी ती म्हणाली, “धाकटे तयार आहेत.” धाकट्याच्या घरी म्हणाली, “थोरले तयार आहेत.” दोघांनाही दुसऱ्याच्या मागं राहायचं नव्हतं. तेरा खाती अशी जुळली. चौदाव्याचा मूग राहिला, पण तो खांबाच्या पूर्वेला होता आणि दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणून विज्ञानानं त्याला माफ केलं.

मग प्राणिसृष्टी. आभाळाकडे बघणाऱ्या डोळ्यावर बगळा बसतो. बसतो ते बसतो, वर सही करून जातो. सही मोठी असेल तर सूर्याचं उत्पन्न दुपारी बाराला अचानक घटतं. आवाजाच्या दांड्यांमध्ये कोळी जाळं विणतो, कारण त्याला तशी चौकट दुसरीकडे आयती मिळत नाही. घुशी वायर कुरतडतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारस आहेत, माणसाच्या खांद्याला लागतील एवढे, आणि ते बांधीतच फिरतात. एकदा जोडी येऊन खांबाशेजारी अशी उभी राहिली, जणू निविदा उघडायला आली आहे. मुलगी त्यांना हाकलायला तयार नव्हती. तिनं त्या अर्ध्या तासाच्या नोंदीपुढं ‘सारस’ असं लिहिलं आणि ती नोंद बाद केली.

बाद नोंदी हा प्रकार मला जरा टोचला. पहाटे दव पडलं, की वाफ मोजणाऱ्या यंत्राची काच ओली होते आणि ते बरळायला लागतं. रात्री वारा पडतो, भोवरे थांबतात, तेव्हाच्या नोंदीही भरवशाच्या नसतात. त्या सगळ्या काढून टाकायच्या आणि रिकाम्या जागी आजूबाजूच्या नोंदींवरून अंदाज बसवायचा. याला त्यांच्यात अधिकृत नाव आहे, गॅप फिलिंग.

“म्हणजे मागाहून कीर्द लिहिणं,” मी म्हणालो.

“हो काका. पण प्रत्येक भरलेल्या ओळीसमोर वेगळी खूण असते. कुठली मोजलेली, कुठली बसवलेली, कोणालाही कळतं.”

मी गप्प बसलो. मागाहून लिहिलेल्या ओळीवर खूण करणारा सचिव मला उभ्या हयातीत भेटला नव्हता.

आता मूळ तुटीकडे येतो. मला आधी वाटलं, पोर नवखी आहे, बेरीज चुकली असेल. मी सगळी खाती लाल पेन्सिलीनं तपासली. बेरीज बरोबर. मग वाटलं, आमच्या गावाचाच हा गुण. तसंही नाही. २००२ मध्ये जगभरातल्या २२ ठिकाणच्या अशा खांबांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा सरासरी तूट निघाली सुमारे २० टक्के. जंगल असो, कुरण असो, शेत असो, खर्च जमेपेक्षा कमीच भरतो. उरलेली उष्णता कुठं गेली याचं व्हाउचर नाही.

या तुटीवर काही अमेरिकी आणि युरोपी मंडळी त्याआधीच चिडून उठली होती. २००० सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, पाणी भरून भिजवलेल्या सपाट कापसाच्या शेतात, एक नाही अनेक खांब उभे केले. एकाच्या यंत्रावर विश्वास नको म्हणून अनेक गटांची यंत्रं शेजारी शेजारी लावून एकमेकांशी ताडून पाहिली. म्हणजे ऑडिटरवर ऑडिटर. मुद्दाम याच एका प्रश्नासाठी. जवळपास दहा टक्के तरीही सापडले नाहीत. माझ्या खात्यात चौकशी समितीवर चौकशी समिती नेमली की निष्पन्न असंच व्हायचं, फक्त तिथं तूट कमी व्हायची नाही, भत्ता वाढायचा.

कारणं बरीच सांगतात. चार डोळे आपल्या खालचा काही मीटरांचा तुकडा पाहतात, आणि वाऱ्याचं यंत्र शेकडो मीटरांचा. म्हणजे जमा एका गावची, खर्च पंचक्रोशीचा. चिखलात पुरलेल्या तबकड्या मातीतली उष्णता नीट पकडत नाहीत. शिवाय चिखलणीच्या आधी त्या उपटाव्या लागतात आणि नंतर पुन्हा पुराव्या लागतात, नाहीतर ट्रॅक्टर त्यांचं लेखापरीक्षण करतो. सगळ्यात मानलं जाणारं कारण म्हणजे हवेचे मोठे, संथ फेरे. ते इतके सावकाश फिरतात, की अर्ध्या तासाच्या हिशेबात त्यांनी उचललेली उष्णता दिसतच नाही. मोठे मासे नेहमी अर्ध्या तासाच्या तपासणीत सुटतात, हे मला नव्यानं कळण्यासारखं नव्हतं.

काही जण मात्र व्यवहारी निघाले. ते म्हणतात, तूट आली ना, ती वाफेच्या आणि हवेच्या खात्यावर हिस्सेराशीनं वाटून टाका. हा मार्ग आमच्याकडे वार्षिक सभेत मंजूर होतो. आणि एक पद्धत तर अशी आहे, की तिच्यात तूट येऊच शकत नाही. आयरा बोवेन नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये दाखवलं, की पाण्यावरून हवा तापवण्यात आणि वाफ करण्यात जाणाऱ्या उष्णतेचं गुणोत्तर दोन उंचींवरचं तापमान आणि ओल मोजून काढता येतं. पुढं लोकांनी काय केलं? हे गुणोत्तर घ्यायचं, हातात असलेली सगळी रक्कम त्या प्रमाणात दोन खात्यांत वाटायची. ताळेबंद आपोआप जुळतो. जुळलाच पाहिजे, कारण मोजणीच्या आधीच तसं ठरलेलं आहे. हे ऐकून मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं, की डोळे पाणावले. बोवेन स्वतः मात्र यात अडकून पडला नाही. पुढच्याच वर्षी त्यानं तेजोमेघांतल्या प्रकाशाचं कोडं सोडवलं आणि तो ताऱ्यांकडे वळला. शहाणा माणूस. या पद्धतीत पहाटे आणि संध्याकाळी कधीकधी छेदात शून्य येतं आणि उत्तर अनंत निघतं. तेव्हा निदान कोणी सही तरी करत नाही.

मे महिन्यात आणखी एक गंमत दिसली. दुपारी दोन वाजता वाफेवरचा खर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त. ती मुलगी आनंदानं ओरडलीच. मी म्हटलं, हे तर दिवाळखोरीचं लक्षण. ती म्हणाली, नाही, हवा तापवण्याच्या खात्यात बघा. तिथं उणे चिन्ह होतं. पश्चिमेकडची कोरडी पड ४४-४५ अंशांच्या दुपारी रणरणत होती, तिच्यावरून आलेला वारा बांधीपेक्षा गरम होता. बांधी हवेला तापवत नव्हती, हवाच बांधीला उष्णता देत होती, आणि बांधी ती घेऊन आणखी पाणी उडवत होती. शेजाऱ्याच्या पडीतून उचल. कोणती पड? तीच, दाव्यातली. ज्या जमिनीनं वीस वर्षांत वकिलांशिवाय कोणाला काही दिलं नाही, ती रोज दुपारी आबाजींच्या धानाला उष्णता पुरवत होती आणि त्यांचं नहराचं पाणी पळवत होती. आबाजींना हे समजावून सांगायची चूक आम्ही दोघांनीही केली नाही. नाहीतर तेही दाव्यात घातलं असतं.

पाणी हवेत उडतं, ही गोष्ट मी या खांबाच्या फार आधी ऐकलेली आहे. धान खरेदी केंद्रांच्या दप्तरात. सरकार आधारभूत भावानं धान घेतं तेव्हा त्यात १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते. मग ते गोदामात किंवा ताडपत्रीखाली पडून राहतं, वाळतं, वजन कमी होतं. याला घट म्हणतात. ती खरी आहे, निसर्गाची आहे, आणि तिच्याइतका गैरवापर दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक घटनेचा झाला नसेल. एका संस्थेत, नाव सांगत नाही, घट एवढी निघाली, की त्या हिशेबानं धानात ओल सोडून दुसरं काही नव्हतंच. मी विचारलं, धान कुठं गेलं? सचिव वर आढ्याकडे बघून म्हणाला, “हवेत गेलं साहेब.” मी म्हटलं, पोतीसुद्धा? तो म्हणाला, “पोती उंदरांनं खाल्ली.” तेव्हा आमच्याकडे हवेत गेलेलं मोजायचं यंत्र नव्हतं. असतं, तर त्या गोदामाच्या दारात हा खांब उभा करून सेकंदाला दहा नोंदी घेतल्या असत्या, आणि रात्री दोन वाजता ट्रकच्या रूपानं गेलेला मोठा, संथ फेराही सापडला असता.

जे पुस्तकात बसत नाही ते मोजणाऱ्याचंच चुकलं, असं म्हणायची पद्धत विज्ञानातही आहेच. मुलीनं पुण्याची गोष्ट सांगितली. तिथं १९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि तो उभा केला डॉ. एल. ए. रामदास यांनी. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटलेली नसते. ती जमिनीपासून वीत-दोन वीत वर असते. पुस्तकाप्रमाणे जमीन सगळ्यात थंड हवी. झालं, बाहेरच्या विद्वानांनी बराच काळ धरून ठेवलं, की थर्मामीटरच नीट लावले नसतील. पुढं पन्नाशीच्या दशकात इतरांनाही तेच दिसलं, पुण्यात येऊनसुद्धा मोजलं, तेव्हा गप्प झाले. आज त्या थराला रामदासांचंच नाव आहे. आबाजींनी ही गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, धुऱ्यावर रात्री पाणी राखत बसलं की पायापेक्षा गुडघे जास्त गारठतात, हे त्यांनी स्वतः कितीदा सांगितलं, पण त्यांचं नाव कशालाच दिलं नाही.

कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या धानात, फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसला, जपानात त्सुकुबाजवळ मासे नावाच्या ठिकाणी असेच खांब उभे राहिले आहेत, आणि तिथली माणसंही अशीच पायाला चिखल लावून हरवलेल्या वॅटांच्या मागं लागलेली असतात. कशासाठी? तर पाण्यासाठी. नहराचं पाणी नेमकं कुठं खर्ची पडतं, पिकातून किती, उघड्या पाण्यावरून किती, हे कळलं तर पाळ्या ठरवता येतात, थोडं कमी पाणी भरून काम भागतं का ते पाहता येतं. आमच्याकडे सध्या पाळी ठरते ती नहराच्या गेटवर कोणाचा साडू उभा आहे यावर, आणि या पद्धतीत मात्र तूट कधी येत नाही. शेपटाकडच्या गावाला विचारू नये.

कापणी जवळ आली, बांधीतलं पाणी सोडलं, आणि हिशेबाचा रंगच बदलला. मुदत ठेवीचं खातं बंद. माती उघडी पडली, वाफ घटली, हवा तापवण्याचं खातं फुगायला लागलं. पंजाबकडचे हार्वेस्टर गावात यायला लागले आणि खांबाला हलायची नोटीस मिळाली. जाण्याआधी मी तिला म्हटलं, मला सवय आहे, तुझ्या हंगामाचा एक दोषदुरुस्ती अहवाल लिहितो. तिनं आनंदानं वही पुढं केली. मी रीतसर आक्षेप काढले. आक्षेप एक : आभाळाकडील नोंदींवर पक्ष्यांची विष्ठा आढळली. आक्षेप दोन : रात्रीच्या नोंदी अंदाजे भरल्या आहेत. आक्षेप तीन : जमा व खर्च यांत सतरा टक्के फरक असून खुलासा नाही.

पुढच्या रकान्यात संस्थेनं पूर्तता लिहायची असते. आयुष्यात त्या रकान्यात मी ‘यापुढे दक्षता घेऊ’, ‘नजरचुकीने’, ‘संबंधित कर्मचारी मयत’ असे खुलासे वाचलेत. एका मयत कर्मचाऱ्यानं तर खुलाशावर स्वतः सही केली होती. तिनं पहिल्यापुढं लिहिलं, ‘रोज सकाळी पुसले, दुपारी परत आले.’ दुसऱ्यापुढं, ‘खूण केली आहे.’ तिसऱ्यापुढं, ‘तूट मान्य. कारण शोधत आहोत.’

मी वर्ग द्यायला पेन काढला, आणि अ द्यावा की ब, यावर अडलो. इतक्या तुटीला अ देण्याची नियमांत सोय नाही.

आबाजी हार्वेस्टरवाल्याशी भावाची घासाघीस संपवून आले होते. त्यांनी वही उलटी धरून बघितली.

“मंग हे सतरा टक्के वसूल कोनापासून करनार?”

“कोणाकडूनच नाही आजोबा. फक्त लिहून ठेवायचं.”

आबाजींनी थोडा विचार केला. मग पडीपलीकडे, जिथं सगळ्यात धाकट्या भावाची बांधी सुरू होते, तिकडे बोट दाखवलं.

“बाई, पुढच्या साली हा खांब त्याच्या बांधीत गाडा जी. त्याच्याइथं माझ्यापेक्षा जास्त निघते का नाही पाहा.”